अपस्मार, औषध आणि मातृत्व : गर्भधारणेपूर्वी करावयाची तजवीज

ज्या स्त्रीला अपस्माराचा, म्हणजे आपल्याकडे फिट, आकडी, फेफरे किंवा मिरगी अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या विकाराचा, त्रास आहे आणि जी त्यासाठी वर्षानुवर्षे नेमाने गोळ्या घेत आली आहे, तिच्या मनात मातृत्वाचा विचार येऊ लागला की दोन शंका एकाच वेळी उभ्या राहतात. गोळ्या चालू ठेवल्या तर पोटातील बाळाला अपाय होईल काय, ही एक. आणि गोळ्या सोडल्या तर झटका येऊन आपल्या व बाळाच्या जिवाला धोका पोहोचेल काय, ही दुसरी. या दोन्ही शंका रास्त आहेत आणि आजच्या वैद्यकशास्त्रापाशी त्यांची पुष्कळशी समाधानकारक उत्तरेही आहेत; परंतु हे प्रश्न बहुधा पाळी चुकल्यानंतर, म्हणजे उत्तराचा लाभ घेण्याची सर्वांत मोलाची मुदत निघून गेल्यावर, विचारले जातात. अपत्याचा विचार करणाऱ्या अपस्मारग्रस्त स्त्रीने आपल्या औषधांची फेरतपासणी गर्भ राहण्यापूर्वी, शक्यतो वर्षभर आधी, करून घ्यावी, आणि तोवर व त्यानंतरही आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये, एवढेच सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. पुढील सर्व तपशील या एकाच गोष्टीच्या पुष्ट्यर्थ आहे.

आरंभीच एक दिलासा देणे अवश्य आहे, कारण भयभीत मन सल्ला ऐकते खरे, पण तो आचरणात आणू शकत नाही. अपस्मार असलेल्या दहा गर्भवतींपैकी नऊंहून अधिक जणींना निरोगी व अव्यंग अपत्य होते. आईचा अपस्मार मुलात उतरण्याचा संभव साधारणतः शेकडा चार-पाचांच्या आसपास आहे. आणि ज्यांचा अपस्मार डोक्याला झालेल्या इजेमुळे किंवा आपल्या देशात वारंवार आढळणाऱ्या, मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या गाठीमुळे उद्भवला आहे, त्यांच्या बाबतीत आनुवंशिकतेचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. ही विधाने केवळ धीर देण्यासाठी केलेली नाहीत. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ सालापासून अपस्मारग्रस्त गर्भवतींची पद्धतशीर नोंद ठेवली जात आहे, आणि युरोपात सुरू झालेल्या ‘युरॅप’ नामक आंतरराष्ट्रीय नोंदवहीत अनेक देशांतील हजारो गर्भारपणांची हकिकत जमा झालेली आहे. कोणत्या औषधाने किती अपाय होतो, याविषयी पूर्वीच्या पिढीतील वैद्यांना जे अनुमानाने सांगावे लागे, ते आज या नोंदींच्या आधारे सांगता येते.

आधीची मुदत इतकी मोलाची का

गर्भाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा पाया जी नलिका घालते, ती गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी मिटून पूर्ण होते. या सुमारास स्त्रीची पाळी चुकून फार तर दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींना तोवर आपल्याला दिवस गेले आहेत याची खात्रीही पटलेली नसते, आणि दवाखान्यात नाव नोंदविण्याचा विचार तर आपल्याकडे अनेक घरांत तिसऱ्या महिन्याच्या आगेमागे होतो. हृदयाचे कप्पे, ओठ आणि टाळू यांची घडणही पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. यास्तव, एखादे औषध गर्भाच्या घडणीत विघ्न आणणारे असेल, तर पाळी चुकल्यावर ते घाईने बंद करून झालेले व्यंग टळत नाही. उलट औषध अकस्मात थांबल्याने आईला झटक्यांची माळ लागण्याचे नवे संकट मात्र ओढवते.

दुसरे कारण औषधबदलाला लागणाऱ्या कालावधीचे आहे. अपस्मारावरील औषधे एका दिवसात बदलता येत नाहीत. नवे औषध अल्प मात्रेपासून आठवड्या-आठवड्याने वाढवावे लागते, ते लागू पडू लागल्यावर जुने तितक्याच सावकाशीने उतरवावे लागते, आणि त्यानंतर काही महिने झटके खरोखरच काबूत आहेत ना, याची खातरजमा करावी लागते. या खातरजमेला फार महत्त्व आहे. कारण गर्भधारणेपूर्वी नऊ महिने ते एक वर्ष ज्या स्त्रीला झटका आलेला नाही, तिला संपूर्ण गर्भारपणातही तो न येण्याचा संभव शेकडा चौऱ्याऐंशी ते ब्याण्णव इतका मोठा आहे, असे अभ्यासांती दिसून आले आहे. वर्षभर आधी विचार करावा, या शिफारशीमागचा हिशेब हा असा आहे.

कोणत्या औषधात किती जोखीम

कोणतेही औषध न घेणाऱ्या, सर्वस्वी निरोगी स्त्रियांच्या शंभर अपत्यांपैकीही दोन-तीन अपत्यांत एखादे मोठे जन्मजात व्यंग आढळते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. औषधाची जोखीम मोजायची ती या पायरीपासून. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटॅम या दोन औषधांच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास, म्हणजे सर्वसामान्य प्रमाणाच्या अगदी जवळ राहते, आणि म्हणूनच आज अपत्येच्छू स्त्रीसाठी तज्ज्ञांची पहिली पसंती बहुधा याच दोहोंना असते. कार्बामाझेपिनच्या बाबतीत ते शेकडा पाचच्या सुमारास, तर फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन या जुन्या व स्वस्त औषधांच्या बाबतीत शेकडा सहाच्या सुमारास आहे. टोपिरामेटमुळे ओठ-टाळू दुभंगण्याचा आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो, व मुलाच्या पुढील मानसिक विकासाविषयीही अलीकडे चिंता व्यक्त झाल्याने युरोपात गर्भारपणातील त्याच्या वापरावर निर्बंध आले आहेत.

या सर्वांहून निराळा आणि अधिक गंभीर विचार करावा लागतो तो व्हॅल्प्रोएटचा. हे औषध १९६७ साली फ्रान्समध्ये बाजारात आले आणि त्याने असंख्य रुग्णांना झटक्यांपासून मुक्त केले, हे मान्यच केले पाहिजे. तथापि १९८२ साली त्याच देशातील ल्यों येथील वैद्यांच्या असे नजरेस आले की, ज्या बालकांच्या पाठीचा कणा जन्मतः उघडा राहिला होता, त्यांच्या मातांमध्ये हे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण विलक्षण मोठे होते. आज उपलब्ध असलेल्या नोंदींप्रमाणे व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या शंभर अपत्यांपैकी सुमारे दहांत मोठे व्यंग आढळते, आणि मात्रा जसजशी वाढते तसतसे हे प्रमाणही वाढत जाते. ‘युरॅप’च्या पाहणीत दिवसाला १४५० मिलिग्रॅमहून अधिक मात्रा घेणाऱ्या स्त्रियांत ते शेकडा पंचविसाच्या घरात गेलेले दिसले. याहूनही चिंतेची गोष्ट अशी की, जी मुले बाह्यतः अव्यंग जन्मतात, त्यांपैकी शेकडा तीस ते चाळीस मुलांना पुढे बोलणे, चालणे, स्मरण, अवधान किंवा सामाजिक वर्तन यांत काही ना काही अडचण येते, स्वमग्नतेचा धोका वाढतो, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासानुसार सहाव्या वर्षी त्यांचा बुद्ध्यंक अन्य अपस्मारविरोधी औषधे घेणाऱ्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरीने आठ ते अकरा अंकांनी कमी भरतो. मेंदूची वाढ नऊही महिने चालू असल्यामुळे हा दुसरा अपाय केवळ पहिल्या तिमाहीपुरता मर्यादित नाही. म्हणूनच ब्रिटन व युरोपातील औषध-नियामकांनी २०१८ सालापासून असा दंडक घातला आहे की, मूल होऊ शकणाऱ्या वयातील स्त्रीला हे औषध, अन्य काहीही लागू पडत नसल्याची खात्री झाल्यावाचून आणि खात्रीशीर गर्भनिरोधाच्या व्यवस्थेवाचून, देऊ नये. पुरुषांच्या बाबतीतही आता तेथे सावधगिरीचा इशारा देण्यात आला आहे. तेव्हा पती स्वतः व्हॅल्प्रोएट घेत असेल, तर त्यानेही अपत्याचा विचार करण्यापूर्वी आपल्या वैद्यांशी बोलावे.

वाचक भगिनींनी येथे एक काम आजच करावे. आपल्या गोळ्यांचे पाकीट घेऊन त्यावरील व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचावे, अगर ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून वाचवून घ्यावे. सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स ही नावे व्हॅल्पारिन, एन्कोरेट अशा निरनिराळ्या नावांच्या पाकिटांवर आढळतात. आणि हे औषध अर्धशिशीसाठी व मनाच्या चढउतारांच्या विकारासाठीही दिले जात असल्यामुळे, अपस्मार नसलेल्या स्त्रियांच्या हातीही ते असू शकते. नाव आढळले तर घाबरून गोळी टाकून देऊ नये. तज्ज्ञांची वेळ घ्यावी, भेटीपर्यंत औषध पूर्ववत चालू ठेवावे आणि तोपर्यंत गर्भ राहणार नाही याची खबरदारी घ्यावी.

गोळी आपल्या मनाने सोडण्याचे परिणाम

औषधाच्या अपायांचे हे वर्णन वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, सर्वच गोळ्या नऊ महिने बंद ठेवणे उत्तम, तर तो निष्कर्ष प्राणघातक ठरू शकेल. औषध अकस्मात थांबले की संपूर्ण शरीर आखडवणारे मोठे झटके परततात. त्यांत आई पडून पोटाला मार लागतो, श्वास कोंडून गर्भाला होणारा प्राणवायूचा पुरवठा खंडित होतो, कधी एका झटक्यातून शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा सुरू होतो, आणि झोपेत झटका येऊन अकस्मात मृत्यू ओढवण्याचा धोकाही अशाच अनियंत्रित अवस्थेत सर्वाधिक असतो. बाळासाठी औषध सोडणारी माता बाळालाच अधिक मोठ्या संकटात लोटते, हे सत्य कटू असले तरी प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. कारण गोळी सोडण्याचा आग्रह पुष्कळदा त्यांच्याच मायेपोटी झालेला असतो.

तज्ज्ञांशी करावयाची मसलत

मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना जुने कागद, म्हणजे मेंदूचा आलेख, एमआरआयचा अहवाल, आजवर घेतलेल्या औषधांची यादी आणि झटक्यांच्या तारखांची वही, बरोबर न्यावी. ही वही नसल्यास आजपासून घालावी. झटका कधी आला, किती वेळ टिकला, आदल्या रात्री झोप झाली होती काय, गोळी चुकली होती काय आणि पाळीची तारीख काय होती, एवढे पाच तपशील पुरेसे होतात. तज्ज्ञांना तीन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. मला औषधाची गरज अजून आहे काय? असल्यास याहून निर्धोक औषध मला चालेल काय? आणि हेच औषध ठेवायचे तर कमीत कमी किती मात्रेत भागेल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही जणींच्या बाबतीत खरोखरच सुखद असते. बालपणी आलेले झटके ज्यांना कित्येक वर्षांत पुन्हा आलेले नाहीत, किंवा ज्यांच्या मेंदूतील कृमीची गाठ विरघळून गेली आहे, अशांचे औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही महिन्यांत हळूहळू उतरवून बंद करता येते. मात्र बंद केल्यानंतर निदान सहा महिने ते वर्षभर वाट पाहून मगच गर्भधारणेचा विचार करावा, कारण झटके परतायचे असल्यास बहुधा याच काळात परततात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अपस्माराच्या प्रकारावर अवलंबून असते. किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार असा आहे की, ज्यात सकाळी उठल्यावर हातांना अकस्मात हिसके बसून चहाचा कप निसटतो आणि रात्रीचे जागरण झाले की मोठा झटका येतो; या प्रकाराला व्हॅल्प्रोएट फार चांगले लागू पडते आणि तो बहुधा आयुष्यभर औषध मागतो. अशा मुलीला लेव्हेटिरासेटॅमवर आणण्याचा प्रयत्न पुष्कळदा यशस्वी होतो. लॅमोट्रिजिनने मात्र काहींचे हिसके वाढतात. लॅमोट्रिजिन सुरू करताना आधीपासून व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण जवळजवळ दुप्पट होत असल्याने मात्रा अतिशय सावकाश वाढवावी लागते, आणि अंगावर पुरळ उठले, तोंड आले किंवा ताप आला तर त्याच दिवशी वैद्यांना कळवावे लागते. लेव्हेटिरासेटॅमने काही जणींची चिडचिड वाढते किंवा मन खिन्न होते. हा स्वभावदोष नसून औषधाचा परिणाम आहे, हे घरच्यांनी जाणावे व वैद्यांना सांगावे. काही थोड्या स्त्रियांना व्हॅल्प्रोएटवाचून तरणोपाय नसतो. त्यांनी खिन्न न होता, मात्रा शक्य तितकी कमी करून आणि ती दिवसात विभागून घेऊन, धोक्यांची पूर्ण जाणीव ठेवून पतीसह निर्णय करावा. दोन-तीन औषधे एकत्र चालू असतील तर त्यांपैकी एकावर भागते काय, हेही याच वेळी पाहिले जाते.

तयारी पूर्ण होईपर्यंत

औषधबदल चालू असताना गर्भ राहू नये, यासाठी जे साधन वापरायचे त्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन आणि मोठ्या मात्रेतील टोपिरामेट ही औषधे यकृताची क्रिया वाढवून माला-डी सारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम क्षीण करतात, आणि नेमाने गोळी घेत असतानाही दिवस जाऊ शकतात. उलटपक्षी, लॅमोट्रिजिन घेणाऱ्या स्त्रीने अशी संयुक्त गोळी सुरू केली तर लॅमोट्रिजिनचेच रक्तातील प्रमाण घटून झटका येऊ शकतो. यास्तव तांबी, निरोध किंवा तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन यांपैकी काय सोयीचे, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आपल्या सर्व गोळ्या दाखवून ठरवावे.

याच काळात फॉलिक आम्लाची गोळी सुरू करावी. वर सांगितलेली मज्जानलिका नीट मिटण्यास हे जीवनसत्त्व साहाय्य करते आणि पोटात बाळ वाढू लागण्यापूर्वीच ते शरीरात पुरेसे असले पाहिजे. म्हणून गर्भधारणेपूर्वी निदान एक ते तीन महिने ते सुरू झालेले असावे. सर्वसामान्य स्त्रीला दिवसाला ०.४ मिलिग्रॅम पुरते. अपस्मारविरोधी औषधे घेणाऱ्या स्त्रियांना अनेक तज्ज्ञ ५ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देतात, काही त्याहून कमी देणे पसंत करतात, म्हणून आपली मात्रा आपल्या वैद्यांकडूनच ठरवून घ्यावी. सरकारी दवाखान्यात गर्भवतींना मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत फॉलिक आम्ल अर्धा मिलिग्रॅम असते आणि तीही दिवस राहिल्यानंतर मिळते, हे विसरू नये. मात्र फॉलिक आम्ल घेतल्याने व्हॅल्प्रोएटचा अपाय टळतो, अशा भ्रमात कोणी राहू नये.

गर्भारपणातील खबरदारी

दिवस राहिल्याचे कळताच मेंदूविकारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांनाही इत्तला द्यावी आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवावी. गर्भारपणात शरीर औषधाचा निचरा वेगाने करू लागते; लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण तर काही जणींत निम्म्याहून खाली उतरते, लेव्हेटिरासेटॅम व ऑक्सकार्बाझेपिन यांचेही बरेच घटते. यामुळे आजवर पुरणारी मात्रा अकस्मात अपुरी पडू शकते. म्हणूनच गर्भधारणेपूर्वी, झटके काबूत असताना, रक्तातील औषधाचे प्रमाण एकदा मोजून तो आकडा दप्तरी ठेवला, तर पुढे दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी तपासून मात्रा किती वाढवावी हे ठरविणे सोपे जाते. गर्भारपणी वैद्य मात्रा वाढवू लागले म्हणजे रोग बळावला, असे समजू नये.

पहिल्या महिन्यांतील ओकारीने गोळी पडून गेली तर ती पुन्हा केव्हा घ्यावी, हे वैद्यांना आधीच विचारून ठेवावे. आपल्या घरांतील व्रतवैकल्यांचाही येथे विचार केला पाहिजे, कारण नवविवाहितेच्या पहिल्या वर्षांतच मंगळागौरीचे जागरण, हरतालिकेचा निर्जळी उपवास आणि वटसावित्री हे सर्व एकामागून एक येतात. आणि अपुरी झोप व चुकलेली गोळी ही झटक्याची सर्वांत परिचित कारणे आहेत. उपवासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर वेळेवर घ्यावी व रात्रीची झोप मोडू नये. औषध घेतल्याने व्रत मोडत नाही, हे घरातील ज्येष्ठ स्त्रीने स्वतः पुढे होऊन सांगितले, तर सुनेचा निम्मा संकोच जागीच नाहीसा होईल.

अकराव्या ते तेराव्या आठवड्यातील सोनोग्राफी आणि अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यातील सविस्तर सोनोग्राफी या दोन्ही मुळीच चुकवू नयेत. गरज भासल्यास बाळाच्या हृदयाची स्वतंत्र तपासणीही केली जाते. ज्यांना खासगी तज्ज्ञांचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी रुग्णालयांत विनामूल्य तपासणीची सोय आहे. तेथे आपल्याला अपस्मार असून आपण अमुक औषध घेतो, हे आरंभीच सांगून कार्डावर नोंदवून घ्यावे. लेव्हेटिरासेटॅम जनऔषधी केंद्रांत पुष्कळच स्वस्त मिळते. मात्र वारंवार कंपनी बदलू नये, आणि बदलावीच लागली तर वैद्यांना कळवावे.

विसाव्या आठवड्यानंतर झटका आला, विशेषतः रक्तदाब वाढलेला असेल, तीव्र डोकेदुखी असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ‘हिला फिट येतातच’ असे म्हणून घरी थांबू नये. तो गर्भारपणातील रक्तदाबाचा झटका असू शकतो आणि त्याचे उपचार सर्वस्वी निराळे आहेत. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. कोणताही झटका येत असताना तिला डाव्या कुशीवर वळवावे, मानेभोवतीचे कपडे सैल करावेत, भोवतालच्या कठीण वस्तू दूर साराव्यात आणि घड्याळाकडे पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी काहीही घालू नये. कांदा अगर चप्पल हुंगविल्याने झटका थांबत नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

माहेरचे बाळंतपण आणि नंतरचे दिवस

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या रीतीमुळे सातव्या-आठव्या महिन्यात गाव, दवाखाना आणि वैद्य हे सर्वच बदलते. या बदलाची तरतूद आधी करावी : उपचारांचा सारांश एका कागदावर लिहून घ्यावा, निदान दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर न्याव्यात, आणि माहेरच्या गावी बालरोगतज्ज्ञ व रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयात आगाऊ नाव नोंदवावे. अपस्मार आहे एवढ्याच कारणाने शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याची गरज नसते. बहुसंख्य स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक रीतीनेच होते. प्रसूतीच्या वेळी किंवा नंतरच्या चोवीस तासांत झटका येण्याचा संभव थोडा वाढतो, म्हणून कळा सुरू झाल्यावरही ठरल्या वेळची गोळी चुकवू नये, आणि ती देण्याची जबाबदारी बरोबर असलेल्या एका व्यक्तीवर नेमून सोपवावी. बाळाला जन्मतः के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन अवश्य द्यावे.

प्रसूतीनंतर दोन-तीन आठवड्यांत शरीराची क्रिया पूर्ववत होते आणि गर्भारपणात वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर ती आता जास्त ठरते. चक्कर, एकाचे दोन दिसणे, तोल जाणे ही त्याची चिन्हे होत. मात्रा कधी व किती उतरवायची, याचा लेखी तक्ता प्रसूतीपूर्वीच घेऊन ठेवावा. अंगावर पाजण्याबद्दल मनात किंतु धरू नये. जवळजवळ सर्व अपस्मारविरोधी औषधे घेत असताना स्तनपान देता येते आणि द्यावे. फेनोबार्बिटोन घेणाऱ्या आईचे बाळ फार झोपाळू वाटले किंवा नीट ओढत नसेल, तर तेवढे वैद्यांना दाखवावे.

बाळंतिणीची झोप हा या काळातील खरा कळीचा प्रश्न आहे. दूध काढून ठेवून रात्रीचे एक पाजणे आजीने किंवा बाळाच्या वडिलांनी सांभाळले, तर आईला सलग चार-पाच तासांची झोप मिळते आणि झटक्याचा धोका कमी होतो. बाळाला पाजणे, कपडे बदलणे ही कामे जमिनीवरील गादीवर बसून करावीत, बाळाला अंघोळ एकटीने घालू नये, आणि त्याला कडेवर घेऊन चुलीपाशी किंवा विहिरीवर जाऊ नये. बाळंतपणानंतर मन सतत उदास राहिले तर तेही तितक्याच तत्परतेने वैद्यांना सांगावे.

घराची साथ

एवढे सर्व नियम पाळता येतील ते औषध लपवावे लागत नसेल तरच. विवाहाच्या वेळी आजार दडवून ठेवला जातो, मग सासरी गोळ्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवाव्या लागतात, कोणी पाहील या भीतीने एखादी चुकते, आणि मूल हवे असताना मोकळेपणाने तज्ज्ञांकडे जाताही येत नाही. हिंदू विवाह अधिनियमात व विशेष विवाह अधिनियमात, वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांमुळे विवाह रद्दबातल ठरविता येण्याची जी तरतूद होती, ती १९९९ सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली आहे. कायद्याने मान्य केलेली ही गोष्ट घराने मान्य करण्यास आता विलंब लावू नये. विवाह ठरवितानाच आजार स्पष्ट सांगावा; आणि तज्ज्ञांच्या पहिल्या भेटीला पतीने, शक्य झाल्यास सासूबाईंनीही, बरोबर जावे. वैद्यांचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकलेल्या माणसाला गोळीचे महत्त्व पुन्हा पटवून द्यावे लागत नाही.

ज्या मातापित्यांच्या घरात अपस्माराचे औषध घेणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आहे, त्यांनाही एक आग्रहाची विनंती आहे. तिचे औषध कोणते, आणि ते तिच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने योग्य आहे काय, हे तिच्या विवाहाची वाट न पाहता पुढच्याच भेटीत विचारावे. कारण घाई नसताना केलेला बदल हा सर्वांत निर्धोक बदल असतो. आणि जिला येत्या वर्षभरात आई व्हावेसे वाटते, त्या भगिनीने आजची गोळी वेळेवर घ्यावी, फॉलिक आम्लाविषयी विचारणा करावी आणि या आठवड्यातच आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ ठरवावी.